इम्पॅक्ट प्लेअरचं भांडण अमेरिकेत ८० वर्षांपूर्वीच झालंय: चक बेडनारिकची गोष्ट

आयपीएल सुरू झाली की आमच्या घरात इम्पॅक्ट प्लेअरवरून भांडण ठरलेलं. मुलाचं म्हणणं, नियम झकास आहे, दोनशेच्या वर धावा होतात, पैसे वसूल. माझं म्हणणं, हे क्रिकेट नाही, लग्नातलं केटरिंग आहे. पुऱ्या तळणारा वेगळा, वाढणारा वेगळा, खरकटं काढणारा वेगळा. २०२३ पासून हा नियम आहे: सामना चालू असताना एक खेळाडू बदलता येतो, म्हणजे फलंदाजी करून झालेल्याला बसवायचं आणि त्याच्या जागी ताजा गोलंदाज आणायचा. रोहित शर्माने २०२४ मध्येच सांगून टाकलं की त्याला हा नियम फारसा रुचत नाही, कारण अष्टपैलू खेळाडू घडायचे थांबतात आणि क्रिकेट अकरा जणांचं असतं, बाराचं नव्हे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच भांडण १९४० च्या दशकात झालं. तिथे नियम एका खेळाडूपुरता थांबला नाही. कितीही खेळाडू, कितीही वेळा बदला, इथपर्यंत गेला. त्यानंतर दोन्ही कामं करणारा खेळाडू जवळजवळ नाहीसाच झाला. त्या जातीचा शेवटचा म्हणून ज्याचं नाव घेतात तो चक बेडनारिक. १९४९ ते १९६२ अशी चौदा वर्षं तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळला. ‘शेवटचा साठ मिनिटांचा माणूस’ ही त्याची ओळख. ती ओळख अर्धी खरी आहे आणि अर्धी कौतुकाच्या भरात फुगवलेली. कशी, ते कळायला आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

## कबड्डी डोक्यात ठेवा

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. एकदा त्याच्या नादाने मी चहा घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात त्याला फोन केला, “अरे, हे सारखे आत-बाहेर काय करतायत? खेळतात कमी आणि ये-जा जास्त.” तो हसून म्हणाला, “मामा, ये-जा हाच तर खेळ आहे.”

१०० यार्डांचं मैदान. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. एका संघाकडे चेंडू असतो, त्याची चढाई; दुसऱ्याचा बचाव. चढाई करणाऱ्याला चार संधी मिळतात आणि तेवढ्यात किमान १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून थोडं जास्त, पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार संधी. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला आणि भूमिका उलट. चेंडू घेऊन थेट शेवटच्या पट्ट्यात पोचलात तर सहा गुण, लाथेने खांबांमधून मारलात तर तीन. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा.

कबड्डीत चढाई करणारा आणि पकड करणारे याच सात जणांतले असतात. चढाई संपवून आलेला गडी लगेच साखळीत उभा राहतो. त्याच्या जागी दुसरा येत नाही. आजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र चेंडू हातातून गेला की अकराच्या अकरा जण मैदानाबाहेर पळतात आणि दुसरे अकरा आत येतात. लाथ मारायच्या वेळी तिसरीच टोळी. भाच्याने सांगितलेली ये-जा ती हीच.

दोन जागा तेवढ्या लक्षात ठेवा. पहिली सेंटर: चढाईच्या रांगेत बरोबर मध्ये वाकून उभा असतो, दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्याच क्षणी समोरच्या अंगावर धडकून आपल्या माणसांना वाट करून देतो. दुसरी लाइनबॅकर: बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहून, चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवा करणारा. एक जण रस्ता उघडतो, दुसरा बंद करतो. बेडनारिक दोन्ही करायचा.

## पानावरून उठलात की संपलं

आपल्याकडे पंगतीचा एक जुना शिरस्ता आहे. पानावरून एकदा उठलेला माणूस त्याच पंगतीत पुन्हा बसत नाही. पुढच्या पंगतीला बसा हवं तर. १९३० च्या दशकातला अमेरिकन फुटबॉलचा बदलीचा नियम साधारण असाच होता. एखाद्या सत्रात बाहेर गेलात की त्या सत्रात पुन्हा आत यायचं नाही.

आता प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. तुमच्याकडे एक जण आहे, चेंडू झेलण्यात वस्ताद, पण कुणाला अडवायचं म्हटलं तर कागदी वाघ. चेंडू समोरच्याकडे गेला की त्याला बाहेर काढता येईल, पण मग तो हाताशी उरणार नाही. म्हणून तुम्ही असेच गडी निवडणार ज्यांना दोन्ही थोडं थोडं येतं. ‘साठ मिनिटांचा माणूस’ हा शब्द तिथून आला. ती कुणाची खास मर्दुमकी नव्हती, नियमाने लादलेली सक्ती होती.

महायुद्धाने ही सक्ती सैल केली. तरुण पोरं फौजेत गेली आणि संघांना माणसं मिळेनात. हाल इतके की १९४३ मध्ये फिलाडेल्फियाचे ईगल्स आणि पिट्सबर्गचे स्टीलर्स या दोन संघांना एकत्र करून एकच संघ उतरवावा लागला. लोक त्याला गमतीने ‘स्टीगल्स’ म्हणायचे. जे उरले होते ते दमू नयेत म्हणून त्याच वर्षी व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, बदलीवरची बंधनं काढली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हात थोडा आखडता घेतला: एका वेळी तीनच जण बदला. १९४९ मध्ये प्रयोग म्हणून पुन्हा मोकळीक दिली आणि १९५० मध्ये ती कायमची केली.

दरम्यान कॉलेजच्या खेळात मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी १९४५ मध्ये एक शक्कल लढवली. समोर आर्मीचा बलाढ्य संघ, आपल्याकडे बरीचशी नवखी पोरं. त्यांनी चढाईसाठी एक तुकडी आणि बचावासाठी दुसरी अशी विभागणी केली. सामना हरले, पण बघणाऱ्यांच्या डोक्यात कल्पना पक्की बसली. या पद्धतीला तिथे ‘टू प्लॅटून’ म्हणतात. प्लॅटून म्हणजे आपली पलटण. दोन पलटणींचा खेळ.

इथे कुणी म्हणेल, एकदा आलेला असा नियम मागे घेता येतच नाही. येतो. अमेरिकेतल्या कॉलेजांनी १९५३ मध्ये घेतला होता. दोन-दोन पलटणी पोसायचा खर्च अनेकांना झेपत नव्हता, म्हणून पुन्हा सगळ्यांना दोन्हीकडे खेळायला लावलं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चाललं. मग पैसा आला, टीव्ही आला आणि पलटणी परतल्या. मुलाशी भांडताना माझ्या भात्यातला हा बाण आहे. शेवटचं वाक्य मात्र मी गिळतो.

## बेथलहेमच्या भट्टीजवळचा पोरगा

बेडनारिकचा जन्म १ मे १९२५ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलहेम गावातला. आईवडील स्लोव्हाकियातून आलेले, वडील तिथल्या बेथलहेम स्टीलच्या कारखान्यात कामाला. शाळा संपली तशी फौजेची भरती. अठरा-एकोणीसच्या वयात हा पोरगा बी-२४ बॉम्बर विमानाच्या कुशीतल्या खिडकीत मशीनगन धरून जर्मनीवर जात होता. अशा तीस मोहिमा त्याने केल्या. त्या विमानांच्या खिडक्या उघड्या असत, वर हाडं गोठवणारी थंडी आणि खालून तोफांचा मारा. पुढे आयुष्यभर त्याला मैदानावर कुणाची भीती वाटली नाही यात नवल कसलं?

परत आल्यावर तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. हे फिलाडेल्फियातलं नावाजलेलं विद्यापीठ आणि त्याचं मैदान फ्रँकलिन फील्ड. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९४८ मध्ये कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. रांगेत वाकून धडका देणाऱ्याला एवढी मतं पडणं दुर्मीळ. मतं पडतात ती चेंडू घेऊन पळणाऱ्यांना.

मग आला ड्राफ्ट. हा शब्द एकदा समजून घेऊ. आयपीएलमध्ये लिलाव होतो, खेळाडूवर बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ पाळीपाळीने नावं घेतात आणि ज्याने तुमचं नाव घेतलं त्याच्याशीच तुम्ही बोलायचं, दुसऱ्याच्या दारात जायची सोय नाही. शाळेत दोन कॅप्टन आळीपाळीने गडी निवडत, तसं. साधारणपणे कमजोर संघाला आधी निवडू देतात, पण त्या काळात पहिला खेळाडू कुणाला मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरत असे. १९४९ ची चिठ्ठी ईगल्सला लागली, जे १९४८ चे विजेतेच होते. त्यांनी देशातला पहिला म्हणून बेडनारिक उचलला. गावातल्या संघाला गावातलाच गडी.

सुरुवातीला त्याला बाकावर बसवलं. तो थेट प्रशिक्षकांकडे जाऊन भांडला. त्याच मोसमात ईगल्सने लॉस एंजेलिसच्या चिखलात रॅम्सला १४–० हरवून पुन्हा लीग जिंकली.

एक गोष्ट इथे मुद्दाम बघा. ज्या वर्षी हा ‘दोन्ही बाजूंचा शेवटचा माणूस’ लीगमध्ये आला, त्याच वर्षी बदलीचा नियम मोकळा झाला होता. दार बंद होता होता तो आत शिरला. १९५० च्या दशकातला त्याचा बराचसा खेळ एकाच बाजूने झाला, लाइनबॅकर म्हणून. त्या जागेवर तो इतका वरचढ होता की आठ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, त्याची निवड झाली. चौदा मोसमांत त्याचे फक्त तीन सामने हुकले. चढाईलाही तो अधूनमधून लागायचा. पण रोज साठ मिनिटं? छे. ती दंतकथा मुख्यतः एका मोसमातल्या काही सामन्यांवर उभी आहे.

## १९६०: एकाचा पाय गेला, दुसरा दोनदा खेळला

१९५९ संपता संपता बेडनारिक निवृत्त व्हायच्या बेतात होता. वय ३४. पण घरात मुलींचं लेंढार आणि खर्च वाढता. पुढे त्याच्या पाच मुली झाल्या. म्हणून आणखी एक मोसम. प्रशिक्षक बक शॉ यांनी त्याला सेंटरच्या जागी ठेवला. बचावाची धावपळ तरुणांकडे, म्हाताऱ्याने नुसता चेंडू द्यायचा आणि धडका मारायच्या.

ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडविरुद्धच्या सामन्यात लाइनबॅकर बॉब पेलेग्रिनी जायबंदी झाला. संघात आजच्यासारखे ५३ जण नव्हते, चाळिशीही नव्हती. शॉ यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बेडनारिकला विचारलं. तो गेला. चढाई झाली की बचाव, बचाव झाला की चढाई.

घरातलं उदाहरण देतो. लग्नात ऐनवेळी केटररची चार माणसं आली नाहीत तर काय होतं? वधूचा मामा बाह्या सरसावून पंगत वाढायला लागतो. पूर्वीच्या लग्नांत त्याने हे शंभरदा केलेलं असतं, हाताला सवय असते. तरुण भाच्यांना बादली कुठून धरायची तेही माहीत नसतं. १९६० मध्ये बेडनारिक तो मामा होता. नवी पद्धत कोलमडली तेव्हा जुनी येणारा एकच माणूस शिल्लक होता.

२० नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जायंट्सविरुद्धचा सामना. ईगल्स १७–१० ने पुढे, शेवटची मिनिटं. जायंट्सचा फ्रँक गिफर्ड, देखणा, सगळ्या देशाचा लाडका, त्याने मधोमध चेंडू झेलला आणि वळून पळू लागला. समोरून बेडनारिक पूर्ण वेगात आला आणि खांदा घातला. गिफर्ड ताठ मागे कोसळला, चेंडू सुटला, तो ईगल्सच्या चक वेबरने पकडला. सामना तिथेच संपल्यात जमा होता. बेडनारिक मूठ उगारून नाचला आणि त्याचा फोटो निघाला: खाली निपचित पडलेला माणूस, वर मूठ उगारलेला माणूस. तो फोटो आजही त्या खेळातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी आहे.

बेडनारिक जन्मभर सांगत राहिला की मी चेंडू मिळाला म्हणून नाचलो, तो बेशुद्ध आहे हे मला दिसलंच नव्हतं. गिफर्डनेही धडक नियमाला धरून होती असंच म्हटलं. तो उरलेला मोसम आणि १९६१ चा अख्खा मोसम बाहेर राहिला आणि १९६२ मध्ये परतला.

## २६ डिसेंबर, फ्रँकलिन फील्ड

अंतिम सामना नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी झाला, कारण नाताळ रविवारी आला होता. मैदान फ्रँकलिन फील्ड, बेडनारिकच्या कॉलेजचंच, तेव्हा ईगल्स तिथे खेळत. दिवे नव्हते म्हणून सामना दुपारी बारालाच सुरू केला. ६७ हजारांवर प्रेक्षक. समोर ग्रीन बे पॅकर्स आणि त्यांचे प्रशिक्षक विन्स लोंबार्डी, ज्यांच्या नावाचा चषक आज सुपर बोलच्या विजेत्याला मिळतो.

पस्तीस वर्षांचा बेडनारिक ६० पैकी सुमारे ५८ मिनिटं मैदानात होता. लाथेने खेळ सुरू करायच्या वेळेपुरता काय तो बाहेर. ईगल्स १७–१३ ने पुढे, घड्याळात मोजके सेकंद, पॅकर्स शेवटच्या पट्ट्यापासून २२ यार्डांवर. पॅकर्सच्या बार्ट स्टारने चेंडू जिम टेलरकडे टाकला. टेलर म्हणजे रेडा. सरळ घुसायचा, बाजूने जाणं त्याला ठाऊक नव्हतं. तो एकदोघांना झुगारत १० यार्डांच्या आत आला आणि तिथे बेडनारिकने त्याला मिठी मारून आडवा केला.

आता कबड्डी बघणाऱ्याला लगेच कळेल तो भाग. पकड झाली, पण घड्याळ चालू आहे. टेलर उठला तर पॅकर्सना आणखी एक संधी मिळू शकते. तेव्हा उठूच द्यायचं नाही. बेडनारिक त्याच्या अंगावर तसाच बसून राहिला, टेलर खालून धडपडत राहिला आणि वेळ संपली. मग त्याने एक शिवी हासडून टेलरला सांगितलं की ऊठ आता, सामना संपला. लोंबार्डींनी त्यानंतर एकही निर्णायक फेरीचा सामना गमावला नाही.

## ‘पण चेंडू खेळात असतो तो फक्त ११ मिनिटं!’

हा आक्षेप मी स्वतःच भाच्यापुढे घेतला होता. सामना घड्याळात ६० मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तास, आणि चेंडू खरोखर हलत असतो ती वेळ आजच्या मोजणीप्रमाणे जेमतेम ११ मिनिटं. मग ५८ मिनिटांचं एवढं काय? आपला कबड्डीपटू ४० मिनिटं दम घोटत असतो.

गणित बरोबर आहे, पण ती ११ मिनिटं पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतात आणि प्रत्येक तुकड्यात शंभर किलोचा माणूस शंभर किलोच्या माणसावर आदळतो. जिना चढणं आणि जिन्यावरून पडणं यात फरक आहे ना, तेवढा. दम परत येतो, मार साठत जातो. एका बाजूने खेळणाऱ्याला एका सामन्यात साठ-सत्तर वेळा हे करावं लागतं. दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट.

## ‘म्हणजे जुने लोकच खरे दणकट’

असं खुद्द बेडनारिकचंही मत होतं आणि तो ते तिखट-मीठ लावून सांगायचा. १९९० च्या दशकात डीऑन सँडर्स दोन्ही बाजूंनी खेळू लागला तेव्हा त्याने टोला हाणला की याला माझी बायको एमासुद्धा अडवता येणार नाही. म्हाताऱ्याची जीभ शेवटपर्यंत लाइनबॅकरचीच राहिली.

मला हे पटत नाही. बेडनारिक सव्वासहा फूट उंच आणि सुमारे १०५ किलोचा. तेव्हा त्या एका देहाला सेंटरही होता येत होतं आणि लाइनबॅकरही. नियम मोकळा झाल्यावर काय झालं? सेंटरला पळायची गरज उरली नाही, तर तो वाढत वाढत आज १३५ किलोपर्यंत गेला. लाइनबॅकर तिथेच राहिला, पण कैकपटीने चपळ झाला. आज १०५ किलोचा सेंटर उभा केला तर समोरचे त्याला पापडासारखा लाटतील, आणि १३५ किलोच्या माणसाला चेंडू घेऊन पळणारा सापडणार नाही. दणकटपणा कमी झालेला नाही, तो वाटला गेलाय. शरीरं नियमाच्या साच्यात ओतली जातात.

नियम आजही कुणाला दोन्हीकडे खेळू नको म्हणत नाही. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने दुसऱ्या क्रमांकावर ट्रॅव्हिस हंटर घेतला तो याच आशेने. कॉलेजात तो चेंडू झेलायचाही आणि झेलणाऱ्यांना अडवायचाही. त्याला दोन्हीकडे खेळवलंही. ऑक्टोबरअखेर सरावात त्याचा गुडघा दुखावला आणि मोसम संपला. त्यावरून ‘बघा, जमत नाही’ म्हणणं घाईचं होईल, गुडघा एका बाजूने खेळणाऱ्याचाही जातो. पण प्रशिक्षक हात का आखडतात ते कळतं. ज्याच्यासाठी एवढी किंमत मोजली तो एक माणूस दोन धोक्यांसमोर कोण उभा करेल?

## मग हा गडी काँक्रीट का विकत होता?

बेडनारिकचं टोपणनाव ‘काँक्रीट चार्ली’. अंगाने दगड म्हणून ते पडलं असं वाटतं, पण खरं कारण साधं आहे. मोसम संपला की तो एका काँक्रीट कंपनीचा विक्रेता म्हणून काम करायचा. अजित वाडेकर कसोटी खेळत होते आणि स्टेट बँकेत नोकरीला होते. आपल्या आधीच्या पिढीला यात काही वावगं वाटायचं नाही. खेळ ही हौस, नोकरी हे पोट.

त्याचा सर्वांत मोठा पगार वर्षाला २७ हजार डॉलरच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याच लीगमधल्या अगदी नवख्या खेळाडूलाही किमान ८ लाख ४० हजार डॉलर मिळत होते. महागाई धरली तरी ही दरी बुजत नाही. तिचं एक मोठं कारण ड्राफ्टच्याच पोटात आहे. ज्याने तुम्हाला उचललं त्याच्याशीच बोलायचं, आणि त्या काळात करार संपला तरी मनाला येईल तिकडे जाता येत नसे. एकच गिऱ्हाईक असलं की माल कवडीमोल होतो, हे कुठल्याही कांदेवाल्याला विचारा. १९४६ ते १९४९ दुसरी लीग चालू होती तेव्हा खेळाडूंना दोन गिऱ्हाइकं होती. ती बंद पडून तिचे तीन संघ एनएफएलमध्ये आले आणि बाजार पुन्हा एकाचा झाला. खेळाडूंची संघटना १९५६ मध्ये निघाली. पण करार संपल्यावर खऱ्या अर्थाने संघ निवडायची मोकळीक मिळायला १९९३ उजाडलं. तोवर बेडनारिक ६८ वर्षांचा झाला होता. आजच्या खेळाडूंच्या नावाने तो एवढा का कावायचा, ते या आकड्यांवरून समजतं. दोन्ही कामं केली आणि पगार एकाचाही धड नाही.

## नारळ फुटत नाही, पाणी डुचमळतं

हेल्मेट असतं ना, मग डोक्याला काय होतं? हा प्रश्न सगळे विचारतात. एनएफएलमध्ये हेल्मेट १९४३ मध्येच सक्तीचं झालं. नारळ हातात घेऊन जोरात हलवा. करवंटीला ओरखडाही नाही, पण आतलं पाणी डुचमळतं. हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू कवटीत तरंगतो आणि शरीर एकदम थांबलं की तो आतून आपटतो. एकदा आपटला तर घेरी येते. वर्षानुवर्षं हजारो वेळा, छोटे छोटे का होईना, आपटत राहिला तर मेंदूच्या पेशींत एक प्रथिन साचत जातं, माणूस विसरू लागतो, चिडका होतो, हरवतो. या विकाराचं नाव सीटीई. मृत्यूनंतर मेंदू तपासल्याशिवाय तो खात्रीने सांगता येत नाही. फुटबॉलपटूंच्या बाबतीत हे जगापुढे आलं ते पिट्सबर्गचा माइक वेबस्टर २००२ मध्ये गेल्यावर डॉक्टर बेनेट ओमालू यांनी केलेल्या तपासणीमुळे. वेबस्टरही सेंटरच होता. दर संधीला वाकून डोकं पुढे.

बेडनारिकच्या म्हातारपणीच्या फोटोंत लोक त्याचा चेहरा कमी आणि हात जास्त बघतात. बोटं गाठाळ, आल्याच्या कुड्यांसारखी, आणि उजवी करंगळी मधल्या पेरापासून थेट बाहेर वळलेली, जणू दुसऱ्याच कुणाला खूण करतेय. तो हात हौसेने दाखवायचा. २१ मार्च २०१५ रोजी तो ८९ व्या वर्षी गेला. संघाने अल्प आजाराने निधन असं कळवलं. मुलीने ते खोडून काढलं: आजार अल्प नव्हता, वडिलांना अल्झायमर आणि फुटबॉलमुळे आलेला स्मृतिभ्रंश होता.

फ्रँक गिफर्ड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये त्याच्या घरच्यांनी मेंदूच्या तपासणीचा निकाल जाहीर केला. सीटीई होता.